कांदाच होय तो

मंडईच्या रात्री, नाटक सुरू व्हायच्या तासभर आधी
एक माणूस स्टेजवर आला. काळा कोट, पायात रबरी चप्पल.
माइकवाला ओरडला, प्रोफेसर दिलखुश, तुमसरवाले!
आमचं लग्न ठरलं होतं, झालं नव्हतं.
मी बायांच्या बाजूला, ओट्यात पावशेर उकडलेले शिंगाडे,
आणि हे मित्रांनी ढकललं म्हणून वर गेलेले.

दहा जण होते. बोटांत बोटं गुंतवा, म्हणाला,
आता सुटणार नाहीत.
ज्यांची सुटली त्यांना गोड बोलून खाली पाठवलं.
त्याची खरी विद्या हीच, मला फार उशिरा कळलं:
कोणाला ठेवून घ्यायचं.
ह्यांची सुटली नाहीत.

मग डोळे मिटवले, आकडे उलटे मोजले.
आवाज धान पाखडणाऱ्या सुपासारखा, एका चालीचा,
दमत नाही, चढत नाही.
हातात कांदा दिला. सफरचंद, म्हणाला, काश्मीरचं.
ह्यांनी खाल्लं, कचाकचा. शिट्ट्या, टाळ्या.
मैत्रीण कानात बोलली, पाहून घे व तुया नवरा,
याले कोणी बी काही खाऊ घालन.

लग्नानंतर विचारलं, खरंच गोड लागला?
"कांदाच होय तो. मले माहीत होतं, वास बी येत होता.
पण ना म्हणाचं मनातच नाही आलं.
जसं दार उघडं हाय, अन् मीच उठत नाही."
अन् डोळ्याले पाणी?
"नाही आलं. तेच तर समजत नाही."

अकराव्या वर्षी राइस मिलच्या पट्ट्यानं उजवा हात नेला
कोपराखालून. टाके निघाले, जखम भरली,
आणि नसलेला हात दुखायला लागला.
मूठ आवळली हाय, म्हणायचे, सुटत नाही,
आत कच्चा शिंगाडा हाय, काट्यांसकट.
तेलाची वाटी घेऊन मी मध्यरात्री बसायची.
कुठे लावू? चादरीला?
कोंबडं देऊन झालं. गोळ्या झाल्या, हिरव्या, मग पिवळ्या.

ब्रह्मपुरीची डॉक्टरीण माझ्या भाचीएवढी,
सर्दी झालेली, हातात रुमाल.
तिनं आधीच सांगितलं, झोपवणार नाही मी तुम्हाला.
नको वाटलं तर डोळे उघडा. हात काही परत येणार नाही.
मग विचारलं, बरं कुठे वाटतं तुम्हाला?
बोडीत, हे म्हणाले. कमरेएवढ्या पाण्यात, शिंगाडे तोडताना.
तर तिनं त्या खोलीत बोडी आणली.
पाणी पोटाला लागलं. पायाला गाळ लागला.
बाहेर कोणी मोटारसायकलला किक मारत होतं, लागत नव्हती.
तो आवाजही असू द्या, म्हणाली, काठावर असू द्या त्याला.
ह्यांचा जबडा सैल झाला. खांदा उतरला.
मूठ पाण्याखाली आहे. पाणी गार आहे.
घाई नाही. एक बोट, वाटलं तर.
कोपराजवळचं मांस मासोळीसारखं हललं.
मी पाहिलं. करंगळी असावी.

परतीच्या एसटीत हे बराच वेळ गप्प.
वडसा मागे पडल्यावर बोलले,
"हात नाही, मले माहीत हाय."
मग हसले. "कांदाच होय तो."

दुखणं गेलं असं नाही. येतं अजून,
पण आलं की पाय पसरून बसत नाही.
ती बोलणी तिनं मलाही शिकवली.
रात्री दिवा घालवून मी बोडी भरते,
पाणी, गाळ, गार, घाई नाही,
आणि पुष्कळदा ह्यांच्या आधी मलाच डुलकी लागते.
जाग येते तेव्हा हे डाव्या हातानं
माझी मूठ उघडत असतात, एकेक बोट.
काय धरून ठेवलं होतं मी,
त्यांनी विचारलं नाही, मलाही सांगता येत नाही.